जिभेवरचं पेट्रोल

गणपतदादाला गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. साकोलीत हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे, एका कुडाच्या भिंतीपलीकडे, आमचं घर. आम्ही जेवायला बसलेलो असायचो आणि नागझिऱ्याकडून येणारी फॉरेस्टची जीप दूर कुठेतरी चढाला लागायची. दादाचा हात भातात थांबायचा. "ठोकून राहिली," तो म्हणायचा. वहिनी म्हणायची, "ठोकू द्या. तुमी जेवा." पाच-दहा मिनिटांनी तीच जीप दारात उभी राहायची आणि ड्रायव्हर बाहेरून हाक मारायचा. दादा हात धुऊन उठायचा आणि वहिनी ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायची. माझ्या आठवणीत दादाचं निम्मं जेवण असं झाकलेलंच आहे.

ठोकणं म्हणजे काय, ते मला पुढे कॉलेजात पुस्तकातून कळलं. दादाला ते कानाने कळत होतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, आग पेटते आणि ती शांतपणे पसरत जाऊन पिस्टनला ढकलते. पण पेट्रोल हलक्या प्रतीचं असलं, की आग पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपल्या मनाने भडकतं आणि पिस्टनवर घणाचा घाव बसतो. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कोणी हलवावेत, तसा आवाज येतो. चढावर जास्त येतो. फार दिवस तसंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं. दादा मला असे भोकं पडलेले पिस्टन दाखवायचा. गॅरेजच्या फळीवर त्याने ते मांडून ठेवले होते, लोक देवळीत देव मांडतात तसे.

आमचं मूळ गाव सिहोरा. मायबाप तिथेच धानाच्या शेतीत. दादा सातवीपर्यंत शिकला, मग एका ओळखीच्या माणसाकडे इंजिनाचं काम शिकला आणि साकोलीला येऊन बसला. घरात शिकायचं कोणी तरी म्हणून ती जागा माझ्या वाट्याला आली. हायस्कूलची वर्षं मी दादाकडे काढली आणि पुढे भंडाऱ्याला कॉलेजात गेलो, तरी दर शनिवारी एसटीने घरी यायचो. वहिनीचं नाव पार्वता. ती लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण करायची, सुक्या झिंग्यांची चटणी आणि ढीगभर भात. त्या काळी सरकारी माणसं गावोगाव जीपमधून फिरून सांगत की लाखोरी खाऊ नका, पाय लुळे पडतात. भाषण संपल्यावर त्यांची जीप ठोकत ठोकत दादाकडे यायची आणि त्यांना वहिनी जेवायला वाढायची. ते निमूटपणे लाखोरीच खाऊन जायचे.

घरातल्या प्रत्येक वस्तूला पेट्रोलचा वास होता. दादा जेवणाआधी हात पेट्रोलने धुवायचा. मोरीजवळ पातेल्याएवढा जर्मनचा एक चेपलेला गंज होता, त्यात थोडं पेट्रोल असायचं. त्यात तो कोपरापर्यंत हात चोळायचा, काळं वंगण सुटलं की वरून राख लावून पाणी घ्यायचा. वहिनी त्याच पेट्रोलात बुडवलेल्या चिंधीने त्याच्या शर्टाचे डाग काढायची. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. उलट भंडाऱ्याच्या खोलीत सोमवारी सकाळी पिशवी उघडली की तो वास यायचा आणि मला घरची आठवण व्हायची. आजही एखाद्या पंपावर उभा राहिलो की क्षणभर भूक लागते. शरीराला लाज नसते.

पण दादाचं नाव झालं होतं ते जिभेमुळे. हायवेवर पंप थोडे आणि पेट्रोलमध्ये घासलेट मिसळणारे पुष्कळ. गाडी ठोकायला लागली की दोष इंजिनाचा की पेट्रोलचा, हा पहिला प्रश्न. इतर मिस्त्री त्यासाठी अर्धा दिवस इंजिन खोलून बसत. दादा टाकीत रबरी नळी सोडायचा, तोंडाने ओढायचा, घोटभर पेट्रोल जिभेवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि थुंकून टाकायचा. शुद्ध पेट्रोल जिभेवरून गार होऊन उडून जातं, घासलेट मागे चिकट साय ठेवतं. एवढंच त्याचं शास्त्र. पण तो ते इतकं अचूक करायचा की "या पंपाचं नाई हे, लाखनीकडचं हाय" असंही सांगायचा. नाकाडोंगरीकडच्या खाणीतले साहेब खास त्याच्याकडे जीप पाठवायचे. तरीही त्या दिवसांत हे प्रकरण आठवड्यातून दोन-चारदाच घडायचं, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या ग्रंथालयात मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात इंजिनाच्या ठोकण्यावर एक पूर्ण प्रकरण होतं. पेट्रोलचं ठोकणं थांबवायला त्यात शिशाचं एक संयुग मिसळतात, लिटरला काही थेंब. ते आगीत फुटतं आणि भडकू पाहणाऱ्या मिश्रणाला आवर घालतं. मला ते फार आवडलं. ज्या आवाजाने आमच्या घरचं जेवण थांबायचं, त्या आवाजाला इतकं देखणं स्पष्टीकरण असेल असं वाटलं नव्हतं. त्याच पानाच्या तळाशी एक वाक्य होतं: हे द्रव्य अत्यंत विषारी असून तोंडावाटे, श्वासावाटे आणि कातडीतूनही शरीरात जातं. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघ ओढणं हा माझ्या सभ्य विद्यार्थीदशेतला एकमेव गुन्हा, असं मी पुढे कित्येक वर्षं गमतीने सांगत असे.

त्याच वर्षी कॉलेजात विज्ञान प्रदर्शन ठरलं. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्यातले एक पुढारी येणार होते. त्यांना 'समाजोपयोगी विज्ञान' आवडतं, असं आमच्या विभागप्रमुखांना कोणीतरी सांगितलेलं. प्रमुख गोंधळले, कारण आमच्या विभागात समाजाला उपयोगी पडेल असं काही फारसं चालत नसे. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, माझा भाऊ जिभेने पेट्रोलची भेसळ ओळखतो. मी शेजारी रसायनशास्त्र समजावतो." सरांचा चेहरा उजळला. मला हवं होतं तेच झालं. मिस्त्रीचा भाऊ म्हणून वर्गात मी जरा दबकून असायचो. आता तोच मिस्त्री माझ्या तक्त्याशेजारी उभा राहणार होता आणि त्याच्या करामतीचं कारण मी सांगणार होतो.

तक्ता मी आठ दिवस खपून केला. सिलिंडर, पिस्टन, ठिणगी, आणि खाली आठ ओळी. आठवी ओळ लाल शाईत होती, पुस्तकातलंच वाक्य. सरांनी तक्ता पाहिला आणि आठव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काढा. पाहुण्यांसमोर विष वगैरे नको. शिवाय तुमचे बंधू तेच तोंडात घेणार ना?" मी नवा कागद आणला आणि सात ओळींचा तक्ता केला. ही गोष्ट सरांवर ढकलायचा मी बराच प्रयत्न करून पाहिला आहे, पण ती तिथे ठरत नाही. सरांनी मला तक्त्यावरून ओळ काढायला सांगितलं होतं. दादाला सांगू नका, असं ते काही म्हणाले नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी दादा आणि वहिनी पहिल्या गाडीने आले. दादाने कोणाचा तरी पांढरा शर्ट मागून आणला होता, तो त्याला खांद्यात आवळत होता. नखांमधलं काळं काढण्यासाठी त्याने आदल्या दिवशी फार कष्ट घेतलेले दिसत होते. पाहुणे यायला वेळ होता, म्हणून तो माझ्या तक्त्यापुढे उभा राहिला आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला लागला. सातवी शिकलेला माणूस, आणि इंजिनाशिवाय काही वाचायची सवय नाही. पण तो तक्ता इंजिनाचाच होता. तो शेवटपर्यंत वाचत गेला.

"वासू, हे शिसं म्हणजे तेच का बे, मासोळीच्या जाळ्याले बांधते ते?"

"तेच. पण वेगळ्या रूपात."

"पेट्रोलमंदी असते ते?"

"थोडं असतं. त्यामुळेच गाडी ठोकत नाही."

"म्हणजे दवाईच हाय म्हण ना." तो हसला. मग बोट तक्त्यावरच ठेवून त्याने विचारलं, "पोटात गेलं तर काई होत नाई ना?"

वहिनी शेजारीच होती. दारात कोणीतरी "आले, आले" म्हणत होतं. मी टेबलावरच्या बाटल्या सरळ करायला लागलो. त्या आधीच सरळ होत्या.

"फार थोडं असतं दादा," मी म्हणालो. "आणि तू तर थुंकतोच."

"हो, ते बी हाय," दादा म्हणाला.

या एका क्षणासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. मी खोटं बोललो नाही, हे लक्षात घ्यावं. पेट्रोलमध्ये ते थोडंच असतं आणि दादा थुंकायचाच. दोन खरी वाक्यं एकाशेजारी एक अशी ठेवली, की माणूस त्यांच्यावर विसंबून पुढची आठ वर्षं निर्धास्त राहील. पुढे आयुष्यभर मी पुढाऱ्यांच्या भाषणांना हसत आलो, पण यापेक्षा कसलेलं भाषण मी कोणाचं ऐकलेलं नाही.

पाहुणे आले. हार, शाल, नारळ झालं. मग उदबत्तीचा जुडगा आणि समई घेऊन शिपाई नेमका आमच्या टेबलाजवळ आला, कारण फोटोसाठी तिथे उजेड बरा होता. टेबलावर पाच उघड्या बाटल्यांमध्ये पेट्रोल. सर, प्राचार्य, पाहुणे, एवढे पदवीधर सभोवती उभे; कोणाला काही वाटलं नाही. दादा हळूच म्हणाला, "साहेब, दिवा तिकडं लावा. नाईतर उद्घाटन मोठं होईल." पाहुणे हसले आणि समई व्हरांड्यात गेली. ज्या धोक्याची माहिती त्याला होती, तो त्याने ओळखपाळख नसलेल्या माणसांना लगेच सांगितला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

दादाने एकेक बाटली जिभेवर घेतली. पहिली शुद्ध, दुसरीत घासलेट, तिसरीत जास्त घासलेट, चौथी शुद्ध. पाचवीला त्याने डोळे जरा जास्त वेळ मिटले. "हे कोणाच्या गाडीतलं हाय?" सर अभिमानाने म्हणाले, "खुद्द साहेबांच्या. आत्ताच काढलं." दादा थुंकला, धोतराच्या सोग्याने ओठ पुसले. "घासलेट हाय. चवथा हिस्सा असंल." सगळे पाहुण्यांकडे पाहायला लागले. पाहुण्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने जमिनीकडे. मग पाहुणे मोठ्याने हसले आणि त्यांच्यामागून प्राचार्य, सर आणि बाकी सभा पदाच्या क्रमाने हसली. भाषणात ते म्हणाले की विज्ञान असं खेड्यापाड्यांतल्या जिभेवर आलं पाहिजे. दादाला एक मानपत्र मिळालं. त्यात त्याला 'जिव्हापरीक्षक' म्हटलं होतं, शब्द सरांचा. माझ्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

ते मानपत्र काचेच्या चौकटीत घालून दादाने गॅरेजात, भोकं पडलेल्या पिस्टनांच्या वर टांगलं. आणि त्यानंतर लोक गाडी बिघडली नसली तरी यायला लागले. लग्नाची वरात जाता जाता थांबायची, नवरदेव उतरून म्हणायचा, "दादा, आमचं बी पाहा ना." नवीन मोटरसायकल घेतलेला मास्तर बाटली घेऊन यायचा. आठवड्याचे दोन-चार घोट होते, ते दिवसाचे आठ-दहा झाले. शिवाय आता दादाला पेट्रोलात दवाई आहे हे माहीत झालं होतं, तेव्हा तो तिची चव शोधायला लागला. घोट जास्त वेळ जिभेवर धरायचा. "चांगल्या पेट्रोलले मागून गोडसर चव हाय," तो मला एका शनिवारी म्हणाला. "तेच शिसं असंल ना बे?" मी हो म्हणालो. ते खरं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

मी शिकलो, पास झालो, गोंदियाला कॉलेजात लागलो. मुलांना तेच प्रकरण शिकवायला लागलो, आठवी ओळ धरून. घरी येणं महिन्यावर गेलं, मग सणावर. प्रत्येक वेळी दादा थोडा वेगळा दिसायचा, आणि प्रत्येक वेळी मी त्याला काही तरी कारण लावायचो. त्याला झोप येईनाशी झाली. मी म्हणालो, हायवेचा आवाज. पोटात मुरडा यायचा. वहिनी म्हणाली गॅस, मी मान डोलावली. ज्या माणसाने कधी कोणाला अरे म्हटलं नव्हतं त्याने एका ड्रायव्हरला पाना फेकून मारला. एकदा संक्रांतीला मी गेलो तर तो टॅपेटमधलं अंतर लावत होता, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अंगाचं कागदाएवढ्या फटीचं नाजूक काम, आणि त्याचं उजवं मनगट सारखं खाली गळत होतं. त्याने डाव्या हाताने ते उचलून धरलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे काहून असं करून राहिलं, वासू? तुह्या पुस्तकात हाय का काई?"

तेव्हा मी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हातारे आणि शांत होते. त्यांनी दादाच्या हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं, आणि काम काय करता म्हणून विचारलं. दादा म्हणाला गॅरेज. मी जिभेचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जुन्या बॅटऱ्या उघडता का, असंही त्यांनी विचारलं. दादा कधीमधी उघडायचा. त्या बॅटऱ्यांतल्या शिशाला मी नंतर बरीच वर्षं धरून बसलो होतो.

"शिसं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं पेट्रोल तोंडात घेताय. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

दादा अगदी सहज म्हणाला, "कोणाले मालूम राहते साहेब, असं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करतो, हे त्यांनी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

गॅरेज बंद झालं. दादा-वहिनी सिहोऱ्याला परत गेले. औषधाने पोट निवळलं, झोप थोडी आली, मनगट मात्र पूर्वीसारखं झालं नाही. कान तसाच होता. गावच्या रस्त्यावरून एखादी जीप गेली की तो मान कलती करायचा.

सांगायचं धैर्य मला यायला आणखी तीन वर्षं लागली. दुपारची वेळ होती, दादा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होता. बोटांना चाळा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलेलं काम. मी त्याला सगळं सांगितलं. पुस्तक, रेघ, लाल शाई, आठवी ओळ. तो ऐकत होता आणि खडे बाजूला टाकत होता.

"तवाच मालूम होतं तुले?"

"हो."

त्याने एक खडा उजेडात धरून पाहिला आणि टाकला. मग म्हणाला, "तू सांगतलं असतं तरी म्या कोणतं सोडणार होतो बे? माणसं दुरून येत होती. माहं तेवढंच तर होतं." आणि थोड्या वेळाने, "तू मनाले लावून घेऊ नको."

मी त्याचं म्हणणं घेतलं. लहान मुलाने खाऊ घ्यावा तसं घेतलं. गोंदियाला परतताना एसटीत मला कित्येक वर्षांनी हलकं वाटलं. दादाचा हट्टी स्वभाव, त्याचं नाव, लोकांची गर्दी, यात माझ्या एका वाक्याने काय फरक पडला असता? हा युक्तिवाद मला मजबूत वाटला आणि त्यावर मी बरीच वर्षं चांगला झोपलो.

दादा गेल्यानंतर, तेराव्याची माणसं पांगली, तेव्हा वहिनी आणि मी बोलत बसलो होतो. कोणीतरी ओट्यावर तंबाखूची डबी विसरून गेलं होतं. वहिनीने ती उचलून बाजूला ठेवली. मी सहज म्हणालो, "दादाने तंबाखू बरा सोडला होता. जिभेची चव जाऊ नये म्हणून असेल."

"जिभेसाठी कायले?" वहिनी म्हणाली. "तुमी नववीत होते तवा. एक दिवस शाळेतून आले न् म्हणाले, दादा, तंबाखूनं तोंड सडते, आमच्या पुस्तकात हाय. तुमी तर सांगून खेळाले निंगून गेले. त्याईनं तवाच चंची चुलीत टाकली. म्या म्हटलं, असं काहून? तर म्हणे, वासूच्या पुस्तकात हाय."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी वहिनीला पुन्हा विचारलं, नक्की तसंच झालं का.

"मंग?" ती म्हणाली. "पंधरा वर्षांचा तंबाखू होता, भाऊजी. एका दिवसात सोडला."